चौक ओलांडताना मेंदू काय करतो?

शरीरशास्त्राच्या पुस्तकात मेंदूची आकृती असते आणि तिच्यातील भागांची नावे परीक्षेपुरती पाठ केली जातात. परीक्षा संपली की ती विसरली जातात. कारण त्या नावांचा आपल्या रोजच्या चालण्याबोलण्याशी काही संबंध आहे, असे आपणांस वाटतच नाही. तो संबंध दाखवावा या हेतूने आम्ही येथे एक साधे उदाहरण घेत आहोत.

शाळेच्या सहलीबरोबर जे उज्जैनला आले होते त्यांना तेथील फ्रीगंज वस्तीतील टावर चौक आठवत असेल. घड्याळाचा उंच मनोरा, निरनिराळ्या दिशांनी येऊन मिळणारे रस्ते, सायंकाळी खाद्यपदार्थांच्या गाड्यांभोवती जमणारी गर्दी आणि या सर्वांमधून वाट काढणाऱ्या दुचाक्या व रिक्षा. हा रस्ता पायी ओलांडण्यास फार वेळ लागत नाही. परंतु तेवढ्या अवधीत मज्जासंस्थेचा एकही प्रमुख भाग रिकामा बसलेला नसतो.

प्रथम या संस्थेची रचना थोडक्यात पाहू. मेंदू व मज्जारज्जू मिळून केंद्रीय मज्जासंस्था होते. मेंदूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या १२ जोड्या व मज्जारज्जूपासून निघणाऱ्या ३१ जोड्या ही परिघीय मज्जासंस्था होय. (हल्लीच्या पाठ्यपुस्तकांत यांनाच चेतासंस्था, चेता व मेरुरज्जू अशी नावे आढळतील.) प्रौढ मनुष्याच्या मेंदूचे वजन सुमारे १.३ ते १.४ किलोग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असते. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटाच वापरतो. त्यात अदमासे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत.

आता चौकाच्या कडेला उभा असलेला एक पादचारी डोळ्यांसमोर आणा. तो प्रथम उजवीकडे पाहतो. डोळ्यांत शिरलेल्या प्रकाशाचा संदेश डोक्याच्या अगदी मागच्या बाजूस, मोठ्या मेंदूच्या पश्चखंडात पोहोचतो आणि तेथे ‘दिसणे’ घडते. कर्ण्याचा आवाज कानशिलाजवळील शंखखंड ऐकतो. समोरून येणारी मोटार किती दूर आहे आणि आपला पाय कोठे आहे, याचा हिशेब माथ्याखालील पार्श्वखंड ठेवतो. ‘आता निघावे की थांबावे’ हा निर्णय कपाळामागील ललाटखंडाचा. त्याच्याच मागील पट्टीतून स्नायूंना हुकूम सुटतात आणि ते बाजू बदलून जातात: डावा पाय उचलण्याचा हुकूम मेंदूच्या उजव्या अर्धगोलातून येतो.

हे सारे मनुष्यास कसे कळले? बहुतांशी दुखापतींवरून आणि आजारांवरून. १८४८ साली अमेरिकेत रेल्वेमार्गाचे काम करीत असता फिनियस गेज नावाच्या मुकादमाच्या गालातून शिरलेली लोखंडी पहार ललाटखंड भेदून कवटीबाहेर पडली. तो वाचला, चालू-बोलू लागला; परंतु पूर्वीचा समंजस, भरवशाचा गेज उतावळा व बेपर्वा झाला, असे त्याच्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवले. संयम हादेखील मेंदूच्या एका भागाच्या आधाराने उभा असतो, हे या घटनेने जगापुढे आले.

आम्ही भाषेचे शिक्षक असल्यामुळे दुसरे उदाहरण आम्हांस विशेष जवळचे वाटते. पॅरिसमधील एका रुग्णास दुसऱ्याचे बोलणे समजे. पण त्याच्या तोंडून एका अक्षराखेरीज बहुधा काही निघत नसे. १८६१ साली तो निवर्तल्यावर पॉल ब्रोका या शल्यविशारदाने त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या ललाटखंडाचा एक भाग बिघडलेला आढळला. पुढे १८७४ साली कार्ल वेर्निके याने डाव्या शंखखंडातील विकाराचे वर्णन केले: तेथे इजा झाली असता मनुष्य अस्खलित बोलतो, पण बोलण्यात अर्थ राहत नाही आणि दुसऱ्याचे बोलणेही उमगत नाही. आम्ही घरी कोंकणी बोलतो, वर्गात मराठी शिकवतो आणि टावर चौकातील दुकानदाराशी हिंदीत बोलतो. या तिन्ही भाषांचा संसार त्या लहानशा जागांवर किती अवलंबून आहे, याचा विचार मनात आला की नम्र व्हावयास होते.

पादचारी चालू लागला. खाचखळगा चुकवताना त्याचा तोल सावरणारा लहान मेंदू डोक्याच्या मागे, खालच्या बाजूस असतो. आकाराने तो लहान खरा. परंतु मेंदूतील बहुसंख्य मज्जापेशी त्याच्यातच आहेत. त्याच्या पुढच्या बाजूस मस्तिष्कस्तंभ व त्याचा शेवटचा भाग लंबमज्जा. श्वास चालू ठेवणे आणि हृदयाची गती राखणे हे लंबमज्जेचे काम. ते झोपेतही थांबत नाही. थांबले तर प्राण राहत नाही.

इतक्यात एक दुचाकी अगदी अंगाजवळून जाते. छाती धडधडते, तोंड कोरडे पडते. हा स्वायत्त मज्जासंस्थेचा प्रताप. तिचा एक विभाग संकटात शरीराला सज्ज करतो. दुसरा संकट टळल्यावर त्याला शांत करतो. म्हणूनच पलीकडे पोहोचल्यावर कचोरीचा वास येताच तोंडाला पाणी सुटते. समजा, तेथे गरम कढईला बोट लागले. हात झटकन मागे येतो आणि मग चटका जाणवतो. हात मागे घेण्याचा हुकूम मेंदूची वाट न पाहता मज्जारज्जूच देतो. हीच प्रतिक्षिप्त क्रिया.

तो चौक उद्या ओळखीचा वाटेल, याचे श्रेय शंखखंडाच्या आतील अश्वमीन नामक भागास आहे. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या अपस्मारावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंचा हा भाग बव्हंशी काढून टाकण्यात आला. त्यानंतर २००८ साली मृत्यू येईपर्यंत त्याला नव्या घटना लक्षात ठेवता आल्या नाहीत. आरशात पाहून रेघ काढण्यास मात्र तो सरावाने शिकला. पण आपण हा सराव केला होता, हेच त्याला आठवत नसे. हाताचे कौशल्य आणि मनातील आठवण यांची घरे वेगळी आहेत, हे त्यावरून कळले.

हे सर्व वाचून जो बोध घ्यावयाचा तो असा. प्रौढाच्या मेंदूतील व मज्जारज्जूतील नष्ट झालेल्या मज्जापेशी त्वचेप्रमाणे सहसा पुन्हा भरून येत नाहीत. कवटी, तीन आवरणे आणि भोवतालचा द्रव यांनी निसर्गाने मेंदूचे रक्षण केले आहे. परंतु ही तटबंदी मोटारसायकलच्या वेगासाठी बांधलेली नाही. म्हणून दुचाकीवर चालकाने व मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घालावे आणि त्याचा पट्टा बांधावा. न बांधलेले हेल्मेट आघाताबरोबर निघून जाते. संयम राखणारा ललाटखंड पंचविशीच्या सुमारास पूर्ण पक्व होतो. तोपर्यंत उतावळेपणास नियमाचा लगाम हवा, तो यासाठीच.

कोणी रस्त्यावर पडलेला दिसला तर त्याला हातपाय धरून घाईने उचलू नये, मान वाकवू नये. मज्जारज्जू मानेतून जातो आणि अशा उचलण्याने तो दुखावू शकतो. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. १०८ किंवा ११२ या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले असून स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर नाही. डोक्याला मार लागलेला मनुष्य उठून बसला, तरी पुढे वारंवार वांती, वाढती डोकेदुखी वा गुंगी दिसल्यास विलंब न लावता त्याला रुग्णालयात न्यावे.

गेज, मोलेसन आणि पॅरिसचा तो रुग्ण यांनी जे गमावले त्यातून आपणांस हे ज्ञान लाभले आहे. ते परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहावेच. पण चौक ओलांडताना आणि वाहनावर बसतानाही त्याचे स्मरण ठेवावे, एवढीच आमची विद्यार्थ्यांस विनंती आहे.