थोडक्या खर्चांत मोटारसायकलीचे धक्के कमी करणें

तुळजापूर तालुक्यांतील शेतकऱ्याची मोटारसायकल आतां चैनीची वस्तु राहिली नसून शेतीच्या अवजारांतच मोडते. दुधाचे कॅन, खताचें पोतें, आणि मागें एक माणूस, एवढें ओझें घेऊन ती बालाघाटाच्या डोंगरपट्टींतील पाणंदींतून धांवते. अशा वापरानें शॉकअप लवकर थकतात. मग कंबर धरते, दूध डचमळतें, आणि घाटाच्या वळणावर चाक उसळून तोल जाण्याचें भय असतें. ही गोष्ट जिवाशीं गांठ असल्यामुळें दुरुस्तीची चालढकल करूं नये. मात्र एकदम महाग शॉकअप घेण्यापूर्वीं पुढील क्रम पाळल्यास पुष्कळ पैसा वांचतो.

प्रथम रचना समजून घ्यावी. शॉकअपमध्यें स्प्रिंग धक्का झेलते, आणि आंतील तेल बारीक छिद्रांतून जातांना स्प्रिंगचा झोका आवरतें. तेल गेलें कीं गाडी पाळण्यासारखी डुलत राहते. परीक्षा सोपी आहे. सीट जोरानें खालीं दाबून सोडावी. गाडी वर येऊन लगेच स्थिर झाली तर ठीक. दोन-तीन वेळां उसळली तर मागच्या शॉकअपचें तेल गेलें असें समजावें. पुढील ब्रेक धरून हँडल दाबल्यास पुढच्या शॉकअपचीही परीक्षा होते.

बिनखर्ची उपाय : टायरमधील हवा गाडीच्या पुस्तिकेंत दिलेल्या आंकड्याप्रमाणें ठेवावी, फाजील हवा हें धक्क्यांचें एक मोठें कारण आहे. नंतर मागच्या शॉकअपचें कडें पाहावें. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत त्याला पांच खांचा असतात. गाडी डबल स्टँडवर घेऊन, मागचें चाक अधांतरीं असतां, आंसापासून वरच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजावें. मग नेहमींच्या ओझ्यासह बसून, दुसऱ्याकडून तेंच अंतर पुन्हां मोजवावें. चाकाची एकूण हालचाल ९० मिलिमीटर असेल तर हा फरक सुमारें ३० असावा. जास्त असल्यास खांच वाढवावी, कमी असल्यास उतरवावी. दोन्ही बाजूंची खांच एकच हवी.

अल्प खर्चाचे उपाय : चिमट्याचे बुश, शॉकअपचे रबरी बुश व हँडलचा कोनसेट तपासावा. हे झिजले असतां नवा शॉकअपही व्यर्थ होय. पुढच्या शॉकअपमधून तेल पाझरत असल्यास ऑईल सील व तेल दोन्ही बदलावें. तेल पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचें, मापानें व दोन्ही नळ्यांत सारखें भरावें. इंजिनचें घट्ट तेल घालूं नये. तेल जास्त भरल्यास वरची हवेची जागा कमी होऊन शॉकअप ताठरतो व सील फुटतें.

शेवटचा उपाय : मागचा शॉकअप पाझरूं लागला तर बहुधा तो दुरुस्त होत नाहीं, नवी जोडीच बसवावी. एकच बदलल्यास गाडी एका अंगास ओढते. लांबी मूळचीच ठेवावी. ती वाढविल्यास साखळीचा ताण व हँडलचा कल बिघडतो. केवळ बाहेरून नळकांडें दिसतें म्हणून त्यास गॅसचा शॉकअप मानूं नये. दुचाकींचे शॉकअप करणारी एंड्युरन्स कंपनी १९८५ सालीं आपल्या मराठवाड्यांतच, औरंगाबाद म्हणजे हल्लींचें छत्रपती संभाजीनगर येथें निघाली. तेव्हां मूळ बनावटीचा माल ओळखून, पावती घेऊनच घ्यावा.

एक सूचना अवश्य ध्यानांत ठेवावी. स्प्रिंग कडक केल्यानें गाडीची ओझें वाहण्याची मर्यादा वाढत नाहीं. सांगाडा व ब्रेक पूर्वीचेच असतात. बैलाच्या शक्तीबाहेर गाडी भरूं नये, हा आपला जुना विवेक येथेंही पाळावा.