गेम बनवणे आणि घर चालवणे



करिअर मार्गदर्शनाच्या तासाला पूर्वी डॉक्टर, इंजिनिअर, बँक अशी उत्तरे येत असत. आता नववी-दहावीच्या वर्गात दोन-तीन मुले तरी "मी गेम बनवणार" असे सांगतात. हे ऐकून पालक काळजीत पडतात. गेम खेळणे आणि गेम बनवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी लक्षात घ्यावे. गेम बनवायला गणित, चित्रकला, संगीत, कथालेखन आणि प्रोग्रामिंग हे सर्व लागते. म्हणून आम्ही या इच्छेला हसत नाही. परंतु त्यातून घर कसे चालते हा प्रश्नही टाळता येत नाही. या पाठात तोच प्रश्न समजून घेऊ.

स्वतंत्र निर्माता म्हणजे कोण?

मोठ्या कंपनीत गेम बनवणाऱ्याला दर महिन्याला पगार मिळतो. स्वतंत्र निर्माता एकटा किंवा दोन-चार साथीदारांसह आपल्या खर्चाने गेम बनवतो. गेम विकला गेला तरच पैसे. शेतकरी पेरणीपासून कापणीपर्यंत घरातून खर्च करतो, तसेच हे आहे. फरक एवढाच की इथे पीक यायला दोन, तीन, कधी पाच वर्षे लागतात.

एक शहर, दोन निर्माते

अमेरिकेतील सिएटल या शहरातील दोन उदाहरणे पाहू.

पहिले एरिक बॅरोन. २०११ मध्ये कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेतल्यावर त्यांना मनासारखी नोकरी मिळाली नाही. सराव म्हणून त्यांनी शेतीवर आधारित एक गेम बनवायला घेतला. प्रोग्रामिंग, चित्रे, संगीत, संवाद सर्व काही एकट्याने केले. या कामाला चार वर्षांहून अधिक काळ लागला. त्या काळात ते एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे अर्धवेळ काम करत होते आणि घरखर्चाचा मोठा भार त्यांच्या जोडीदार अँबर हेगमन यांनी उचलला. 'स्टारड्यू व्हॅली' हा गेम २६ फेब्रुवारी २०१६ रोजी सुमारे १५ डॉलर किमतीला बाजारात आला. पहिल्या दोन महिन्यांत त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. २०२४ अखेर हा आकडा चार कोटींच्या पुढे गेला.

मुलांना या गोष्टीतला शेवटचा आकडा लक्षात राहतो. आम्हाला वाटते, त्याआधीची चार वर्षे लक्षात राहावीत. त्या वर्षांत दुसऱ्या कोणाची कमाई घरात येत होती म्हणूनच हे काम पूर्ण झाले.

दुसरे जेफ व्होगेल. गणिताचे उच्च शिक्षण सोडून त्यांनी १९९४ मध्ये 'स्पायडरवेब सॉफ्टवेअर' सुरू केले. पत्नी व्यवसायाची बाजू सांभाळतात. त्यांचा पहिला गेम 'एक्झाईल' १९९५ मध्ये आला. त्यांच्या गेममधील चित्रे साधी असतात, भर कथेवर असतो. ग्राहक थोडे, पण पुन्हा पुन्हा येणारे. त्यांनी आपला खर्च लहान ठेवला आणि जुने काम वाया जाऊ दिले नाही. 'एक्झाईल' त्यांनी २००० मध्ये 'अ‍ॅव्हर्नम' या नावाने नव्याने बनवला, आणि २०११ मध्ये पुन्हा एकदा. कोट्यवधी प्रती न खपवता पंचवीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी याच कामावर संसार चालवला. आमच्या मते, पोट भरण्याचा धडा घ्यायचा असेल तर तो या दुसऱ्या उदाहरणातून घ्यावा.

दुकानदाराचा हिस्सा आणि गर्दी

मंडीत आडत्या माल विकून देतो व आपली आडत कापून घेतो. गेमच्या बाजारातही तेच. संगणकावरील गेमचे सर्वांत मोठे दुकान 'स्टीम'. ते विक्रीतून साधारण ३० टक्के ठेवून घेते. २०१८ मध्ये नियम असा झाला की एखाद्या गेमची विक्री एक कोटी डॉलरच्या वर गेली तर वरच्या रकमेवर हा हिस्सा कमी होतो. म्हणजे सवलत मोठ्याला, लहानाला पूर्ण आडत. मोबाईलच्या बाबतीत उलट झाले. अ‍ॅपलने २०२१ पासून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत कमावणाऱ्यांसाठी हिस्सा ३० वरून १५ टक्क्यांवर आणला.

दुसरी अडचण गर्दीची. २०१७ पासून १०० डॉलर भरून कोणीही स्टीमवर आपला गेम ठेवू शकतो. दार सर्वांना उघडे झाले हे चांगलेच, पण २०२४ या एका वर्षात तिथे १८ हजारांहून अधिक नवे गेम आले. दिवसाला सरासरी पन्नास! त्यात आपला गेम कोणाच्या नजरेस पडावा, यासाठी बनवण्याइतकेच कष्ट लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी करावे लागतात.

जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. तेथील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या लहान कंपनीने 'राजी' हा भारतीय पुराणकथांवर आधारित गेम बनवला. २०१७ मध्ये त्यांनी इंटरनेटवरून लोकवर्गणीचा प्रयत्न केला, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. आणि रक्कम पूर्ण जमली तरच पैसे मिळतात असा तिथला नियम. तरी त्यांनी काम थांबवले नाही. २०२० मध्ये गेम आला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकन मिळाले.

वहीवर हिशेब

आता वही-पेन घ्या. आकडे आम्ही कल्पिलेले आहेत. दोन मित्रांनी दोन वर्षे खपून एक गेम बनवला. किंमत ४०० रुपये. २,००० प्रती विकल्या. त्यांतील १,००० पूर्ण किमतीला आणि १,००० सेलमध्ये निम्म्या किमतीला.

एकूण विक्री ६,००,००० रुपये. दुकानाचे ३० टक्के वजा करून ४,२०,०००. संगीतकाराला ६०,००० दिले, उरले ३,६०,०००. दोघांचे चोवीस-चोवीस महिने म्हणजे ४८ महिने. भागाकार करा: प्रत्येकाला महिन्याला ७,५०० रुपये. कर, वीज आणि नवा संगणक यांचा खर्च अजून धरलेलाच नाही.

दोन हजार लोकांनी पैसे देऊन आपला गेम घेतला, हे यश लहान नाही. तरी तेवढ्यावर घर चालत नाही. कौशल्य असूनही माणूस अडचणीत येतो तो असा.

आमचे म्हणणे

विद्यार्थ्यांनो, मोठ्या स्वप्नाचा गेम पुढे बनवा. आधी एका महिन्यात पूर्ण होईल असा लहान गेम बनवा आणि तो खरोखर पूर्ण करा. 'स्क्रॅच' व 'गोडो' ही साधने विनामूल्य आहेत. ज्या शिक्षणाने नोकरीही मिळू शकेल ते शिक्षण सोडू नका.

पालकहो, "हे काय खूळ!" म्हणून विषय बंद करू नका. मुलाबरोबर वरचा हिशेब मांडा. किती महिने कमाईशिवाय काढता येतील आणि तो भार कोण उचलेल, हे घरात मोकळेपणाने ठरवा. मुदत ठरलेली असली की मुलगा मन लावून काम करतो आणि आई-वडिलांनाही झोप लागते.

विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की संगणक कक्ष शनिवारी दोन तास जास्त उघडा ठेवण्यास परवानगी द्यावी. आवड खरी आहे की नुसती हौस, हे फीचे लाखो रुपये भरण्याआधी तिथेच कळेल.

स्वाध्याय

१. वरील हिशेबात दोघांना महिन्याला प्रत्येकी २०,००० रुपये मिळण्यासाठी निव्वळ किती रक्कम उरली पाहिजे?
२. दुकानाचा हिस्सा १५ टक्के असता तर प्रत्येकाला महिन्याला किती मिळाले असते?
३. बॅरोन आणि व्होगेल यांच्या मार्गांतील कोणता मार्ग तुमच्या घरच्या परिस्थितीला जुळतो? आई-वडिलांशी बोलून दहा ओळी लिहा.