नवीन एअर पिस्तुलाच्या बॅरलमध्ये दोष वाटतोय? आधी खात्री, मग तक्रार



२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्याच्या आधी कोल्हापूरच्याच राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं होतं. घाटाच्या वर हे घडतंय, तर खाली रत्नागिरीतही १० मीटरचं छोटं नेमबाजी प्रशिक्षण केंद्र चालू शकेल, असा विचार तुमच्या डोक्यात आला असेल, तर आजचा धडा तुमच्यासाठी आहे. काजू, आंबा किंवा कोकमच्या मशीनमध्ये पैसे घालणार असाल, तरी शेवटपर्यंत वाचा. पद्धत तीच आहे.

प्रसंग असा समजा. कर्ज काढून तुम्ही मॅच-दर्जाचं एअर पिस्तूल घेतलंत. किंमत लाखाच्या घरात. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की छर्रे एका जागी बसत नाहीत, सगळे विखुरतायत. मनात येतं, "बॅरलच खराब आलंय!" लगेच दुकानदाराला फोन, आवाज चढतो, तिकडून उत्तर येतं, "साहेब, नेम तुमचा चुकतोय." झालं! आता महिना भांडणात जाणार, आणि बँकेचा हप्ता कोणासाठी थांबत नाही.

म्हणून आजचा मुद्दा एकच: संशय ही तक्रार नव्हे. संशयाचा पुरावा झाला की मग तक्रार. हा पुरावा लाखो रुपयांच्या प्रयोगशाळेशिवाय, तुमच्याच रेंजवर, दोन दिवसांत तयार होतो.

पायरी १ : कशालाही हात लावू नका

पहिल्या दिवशी बॅरल घासायचं नाही, स्क्रू खोलायचे नाहीत, ओळखीच्या लेथवाल्याकडे तर अजिबात न्यायचं नाही. एकदा का बाहेरचा हात लागला, की "तुम्हीच बिघडवलंत" म्हणायला समोरचा मोकळा. खोका, आतलं थर्माकोल, बिल, वॉरंटी कार्ड, सगळं जपून ठेवा. अनेक मॅच पिस्तुलांबरोबर कारखान्यात घेतलेलं चाचणीचं टार्गेट येतं. ते तुमच्या हातातलं सोनं आहे. हे पिस्तूल कारखान्यात किती जवळजवळ मारत होतं, ते त्यावर दिसतं.

तोंडाची कड बघायची असेल तर पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा, सिलिंडर काढा आणि मोबाईलने फोटो घ्या. डोळा नळीसमोर न्यायचा नाही. कधीच नाही.

पायरी २ : एका वेळी एकच गोष्ट बदला

छर्रे विखुरायला बॅरल हे एकच कारण नसतं. माणूस, छर्रे, हवेचा दाब, सैल झालेली साईट, अस्वच्छ नळी आणि सगळ्यात शेवटी बॅरल. सगळं एकदम बदललंत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. म्हणून क्रम असा ठेवा:

१. आधार द्या. पिस्तूल वाळूच्या पिशवीवर किंवा स्टँडवर टेकवून मारा. हाताची थरथर बाजूला काढली की अर्धे संशय इथेच मिटतात.

२. दाब बघा. सिलिंडरचा मापक पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत आहे ना? प्रत्येक फेरीआधी आकडा लिहा.

३. साईट आणि बाहेरून दिसणारे स्क्रू सैल आहेत का बघा. हललं तर त्याची नोंद करा. पुस्तिका परवानगी देत असेल तरच घट्ट करा.

४. छर्रे बदला. सगळे ४.५ मिमीचेच, पण डबीवर ४.४९, ४.५० असे बारीक फरक असतात. एका नळीला एक मानवतो, दुसरीला दुसरा. कमीत कमी तीन प्रकारच्या डब्या वापरा.

५. माणूस बदला. एखाद्या अनुभवी नेमबाजाला तेच पिस्तूल, तेच छर्रे द्या.

६. पिस्तूल बदला. ही पायरी लोक विसरतात, आणि सगळ्यात मोठा पुरावा हाच. त्याच स्टँडवर, त्याच छर्ऱ्यांनी दुसरं चांगलं पिस्तूल चालवून बघा. ते जवळ मारतंय आणि तुमचं विखुरतंय, म्हणजे स्टँड, छर्रे, माणूस तिन्ही सुटले.

कोकणात आणखी एक गोष्ट धरून चाला. समुद्राची खारी हवा आणि पावसाळ्यातला दमटपणा यामुळे लोखंडाला गंज लवकर चढतो. पिस्तूल आल्या दिवसापासून कोरड्या पेटीत, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवा आणि आल्या दिवशीचे फोटो काढा. नाहीतर विक्रेता म्हणेल की गंज तुमच्याकडे लागला.

पायरी ३ : मोजा आणि लिहा

पाच छर्ऱ्यांचा एक ग्रुप, असे प्रत्येक प्रकारच्या छर्ऱ्याचे पाच ग्रुप घ्या. एका ग्रुपवरून काहीही ठरत नाही. नशिबाने एखादा चांगला येतो, एखादा वाईट. सर्वांत लांबच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा आणि त्यातून छर्ऱ्याची रुंदी, म्हणजे ४.५ मिमी वजा करा. समजा बाहेरून १६ मिमी भरलं, तर ग्रुप ११.५ मिमीचा. १० मीटर एअर पिस्तूलच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यासही ११.५ मिमीच असतो, त्यामुळे तुलना सोपी जाते.

एखादा छर्रा लांब गेला तर तो वगळू नका. "चौथा छर्रा डावीकडे" असं लिहून ठेवा. सोयीचे आकडे निवडलेत तर समोरच्याने एक प्रश्न विचारताच वही निकामी होते.

आता वही बघून निष्कर्ष काढा:

- ग्रुप जवळ आहे, पण सगळा डावीकडे किंवा खाली बसतोय: साईट लावून घ्या. बॅरलचा दोष धरायचं कारण नाही.
- एका डबीने विखुरतंय, दुसरीने जवळ बसतंय: छर्ऱ्यांचा प्रश्न.
- तुमच्याकडून विखुरतंय, अनुभवी माणसाकडून नाही: सराव वाढवा. राग मानू नका, लाख रुपये वाचले!
- सगळ्या डब्या, दोन्ही माणसं, आधार देऊनही विखुरतंय, दाब बरोबर आहे, आणि दुसरं पिस्तूल तिथेच जवळ मारतंय: आता तुमचा संशय पक्का. दोष नळीत असेल, नाहीतर दाब सांभाळणाऱ्या भागात. नेमका कुठे, ते शोधणं कंपनीचं काम. तुम्ही दार बरोबर ठोठावलंत, एवढं पुरे.

रिव्हॉल्व्हरचं काय?

टार्गेट रिव्हॉल्व्हरबद्दल एक फरक सांगतो. त्यात फिरणारा सिलिंडर असतो आणि त्याचं प्रत्येक घर गोळी सुटताना बॅरलच्या रेषेत यावं लागतं. लांब जाणारी गोळी दर वेळी एकाच घरातून येत असेल, तर संशय बॅरलवर कमी आणि सिलिंडरवर जास्त. सगळ्याच घरांतून विखुरत असेल तर बॅरलकडे बघायचं. पण ही तपासणी परवानाधारक रेंजवर, जाणकाराच्या देखरेखीखालीच. बंदुकीची दुरुस्ती आणि चाचणी यालाही शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवाना लागतो, आणि कलम ६ नुसार बॅरल कापून आखूड करायलाही. म्हणजे "जरा कड घासून दे रे" हे गल्लीतल्या वर्कशॉपला सांगणं म्हणजे वॉरंटी घालवणं तर आहेच, गुन्ह्याला आमंत्रणही आहे.

पायरी ४ : फोन नको, पत्र

फोनवर बोलणं हवेत जातं. ईमेल करा आणि शक्य असेल तर स्पीड पोस्टानेही पाठवा. नमुना घ्या:

*"महोदय, आपल्याकडून दि. ___ रोजी बिल क्र. ___ नुसार घेतलेल्या एअर पिस्तुलाची (अनुक्रमांक ___) आम्ही दि. ___ रोजी चाचणी घेतली. आधार देऊन, तीन प्रकारच्या छर्ऱ्यांनी, दोन व्यक्तींनी मिळून ३० ग्रुप घेतले. सरासरी ग्रुप ___ मिमी आला. त्याच स्थितीत दुसऱ्या पिस्तुलाची सरासरी ___ मिमी आली. टार्गेटचे फोटो आणि नोंदी सोबत जोडल्या आहेत. बॅरल किंवा संबंधित भागात दोष असावा असे यावरून दिसते. कृपया १५ दिवसांत तपासणी करून दुरुस्ती अथवा बदल करून द्यावा, ही विनंती."*

बघा, यात शिवी नाही, आरोप नाही. "खराब माल विकलात" च्या ऐवजी "दोष असावा असे दिसते". यामुळे समोरच्याला दार बंद करता येत नाही. पिस्तूल परत पाठवायची वेळ आली तर हवेने भरलेला सिलिंडर तसाच कुरिअरमध्ये घालू नका. आधी विक्रेत्याकडून लेखी सूचना घ्या. पाठवण्याआधी व्हिडिओ काढा आणि पावती जपा.

आणि हो, कर्ज असेल तर बँकेलाही एक प्रत द्या. हप्ता माफ होणार नाही, पण मशीन का बंद आहे याची नोंद राहील.

कायदा तुमच्या बाजूने कधी उभा राहतो?

मालविक्री अधिनियम १९३० च्या कलम ४१ नुसार माल वाजवी पद्धतीने तपासून बघण्याचा हक्क तुम्हाला आहे. पण कलम ४२ सांगतं की वाजवी मुदत उलटून गेली आणि तुम्ही काहीच न कळवता माल ठेवून घेतलात, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. म्हणून ही सगळी चाचणी पहिल्या आठवड्यात करायची. "सीझन संपला की बघू" चालणार नाही.

ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार विक्रेता दिल्लीचा असला तरी तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात, म्हणजे रत्नागिरीच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं. दोष चाचणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेत पाठवू शकतो. सुरुवातीला मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

पण एक मोठा खड्डा आहे. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागू होत नाही. इथे आपल्या महाराष्ट्रातलाच एक खटला प्रत्येक लघुउद्योजकाला माहीत हवा. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स ही महाराष्ट्रात लघुउद्योग म्हणून नोंदलेली एकल मालकीची संस्था. तिने मे १९९० मध्ये सुमारे २१ लाखांच्या सीएनसी टर्निंग मशीनची ऑर्डर दिली. मशीन सहा महिने उशिरा आलं आणि तेही सदोष, अशी तिची तक्रार होती. राज्य आयोगाने भरपाई दिली, राष्ट्रीय आयोगाने ती रद्द केली, आणि एप्रिल १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा व्यापारी हेतू आहे, म्हणून तक्रारदार 'ग्राहक' नाही असं ठरवलं. दिवाणी दावा करण्याची वाट मात्र मोकळी ठेवली. म्हणजे पाच वर्षं गेली आणि पुन्हा पहिल्या पायरीवर!

त्याच निकालात तुमच्या कामाची गोष्टही आहे. मशीन स्वतः चालवून, स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठीच घेतलं असेल, तर तुम्ही ग्राहकच. मदतीला एक-दोन माणसं ठेवलीत म्हणून तो हक्क जात नाही. पण मशीन घेऊन ते पूर्णपणे दुसऱ्यांकडून चालवून घेतलंत, तर जातो.

यातून काय करायचं? स्वतः शिकवणार असाल तर ते पहिल्यापासून कागदावर दिसू द्या: कर्जाच्या अर्जात, उद्यम नोंदणीत, प्रकल्प अहवालात. आणि मोठं केंद्र, पगारी प्रशिक्षक, दहा पिस्तुलं असा बेत असेल, तर ग्राहक आयोगावर विसंबू नका. खरेदीच्या ऑर्डरमध्येच लिहून घ्या: "आधार देऊन चाचणी, ग्रुप इतक्या मिमीच्या आत, नाहीतर इतक्या दिवसांत बदलून." काही रक्कम चाचणीनंतर देण्याची अट घालता आली तर आणखी चांगलं. वकिलाचा सल्ला ऑर्डर देण्याआधी स्वस्त पडतो, नंतर महाग.

हेच काजूच्या मशीनला लावा

काजू फोडणीच्या मशीनमधून तुकडा जास्त पडतोय? लगेच पात्याला दोष देऊ नका. बी किती वाफवली, किती वाळवली, आकारानुसार वेगळी केली होती का, कामगार कोण होता, हे एकेक बदलून बघा. प्रत्येक वेळी ठरावीक किलो बी घाला, अख्खा गर किती आणि तुकडा किती ते वजन करून लिहा. शेजारच्या युनिटच्या मशीनवर तीच बी चालवून बघा. मग पत्र लिहा.

आजचा गृहपाठ

एक शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर तुम्ही घेणार असलेल्या मशीनचं नाव लिहा. खाली लिहा: हे मशीन चांगलं चालतंय हे मी कोणत्या आकड्यावरून ठरवणार? तो आकडा विक्रेत्याकडून ऑर्डरवर लिहून घेणार का? आणि मशीन आल्यावर पहिल्या सात दिवसांत कोणत्या चाचण्या करणार?

ही तीन उत्तरं लिहून झाल्याशिवाय ॲडव्हान्सचा चेक फाडायचा नाही. भेटूया पुढच्या धड्यात. तोपर्यंत, मोजत राहा, लिहीत राहा!