इंजिन उतरवण्याआधी

बाळा, गॅरेजवाल्यानं इंजिन उतरवायला सांगितलंय म्हणतेस, तर या रविवारपर्यंत थांब. एमजीबीचा क्लच बदलायचा तर इंजिन बाहेर काढावंच लागतं, नुसता गिअरबॉक्स खालून निघत नाही. म्हणूनच आधी खात्री करायची. या गाडीतल्या क्लचच्या निम्म्या तक्रारी बाहेरच्या बाहेर, थोड्या पौंडांत मिटतात.

क्लच आवाज करत असेल, तर तो कसा येतो यापेक्षा कधी येतो ते आधी बघ. इंजिन बंद ठेवून पेडल दाब. तेव्हाच कुरकुर आली तर ती पेडलच्या पिनची किंवा स्प्रिंगची; तिथं तेलाचा थेंब पुरतो. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, पाय वर. आता घरघर येते आणि पेडल दाबलं की थांबते? मग दुखणं क्लचचं नाही, गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचं. याच्या उलट, पेडल दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग धर. एमजीबीत ते गोळ्यांचं नसतं, कार्बनची कडी असते. कार्बन संपला की लोखंडावर लोखंड घासतं आणि कर्कश आवाज येतो. आणि उभ्या गाडीत, गिअर टाकून पेडल तळापर्यंत दाबल्यावरच किंचाळी आली, तर क्रँकच्या टोकातलं बुश बघायला हवं. त्या वेळी क्रँक फिरतो, गिअरबॉक्सचा शाफ्ट थांबलेला असतो, आणि दोघांच्या मध्ये ते एकटं असतं.

कार्बन लवकर झिजतो तो पायामुळे. सिग्नलला गिअर टाकून पेडल दाबून बसू नकोस. न्यूट्रल कर, हँडब्रेक ओढ, पाय काढ. चालवतानाही पाय पेडलवर टेकवून ठेवायचा नाही. या क्लचला ढिलाई देणारा स्क्रू नाही, त्यामुळे कडी कायम अगदी जवळच असते, नुसता पायाचा भारही तिला लागतो. कोणी कार्बनऐवजी रोलर बेअरिंग बसव म्हणेल. मी बसवणार नाही. चांगल्या प्रतीचा कार्बन नीट वापरला तर क्लच प्लेटइतका टिकतो.

आता गिअर अडकण्याचं. पेडल दाब, पाच-सात सेकंद थांब, मग रिव्हर्स टाक. तुझ्या १९७२च्या गाडीत पुढच्या चारही गिअरना सिंक्रो आहे, रिव्हर्सला नाही. म्हणून खरं तोच बोलतो. खरखरला तर क्लच पूर्ण सुटत नाही.

मग गाडी स्टँडवर घे, नुसत्या जॅकवर कधीच नको. एकानं पेडल दाबावं, दुसऱ्यानं खालून स्लेव्ह सिलिंडरचा दांडा बघावा. तो साधारण अर्धा इंच सरकला पाहिजे. कमी सरकतोय? लगेच मास्टर सिलिंडर मागवू नकोस. पेडलबॉक्सचं झाकण उघड आणि पेडलला दांडा जोडणारी पिन काढून बघ. ती मधोमध खाल्लेली असते, पेडलचं भोकही लांबट झालेलं असतं, आणि मोलाची चाल तिथंच वाया जाते. हे दुखणं या गाडीत इतकं जुनं आहे, तरी लोक तिकडे शेवटी बघतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. खालच्या फोर्कची पिनही तशीच तपास.

दोन-तीनदा पंप केल्यावर क्लच सुधारत असेल तर आत हवा आहे. पेडल दाबून धरल्यावर गिअरमधली गाडी हळूहळू सरकू लागली, तर मास्टरचं सील गळतंय. स्लेव्हचं रबरी बूट सरकवून बघ, आत ओल असली तर तोही गेला. पेडल वर येऊनही क्लच उशिरा पकडत असेल तर रबरी होज आतून फुगलाय. बाहेरून तो नवा दिसेल, भुलू नकोस.

हवा काढायची ती खालून वर. पुढच्या उजव्या ब्रेकच्या निपलपासून स्लेव्हच्या निपलपर्यंत नळी लाव, दोन्ही सैल कर आणि ब्रेक सावकाश दाब. सोडण्याआधी निपल बंद. तेल खालून ढकललं जातं आणि हवा आपल्या स्वभावाप्रमाणे वर जाते. ब्रेकची टाकी रिकामी होऊ देऊ नकोस, क्लचची भरून वाहू देऊ नकोस. ते तेल रंग खातं. सांडलंच तर लगेच पाण्यानं धू.

दांडा अर्धा इंच सरकतोय, तरी रिव्हर्स खरखरतो? मग मात्र बिघाड आत आहे. हिवाळाभर गाडी उभी होती ना, ओलीनं प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटली असेल. इंजिन तापवून, मोकळ्या मैदानात, पेडल दाबून ॲक्सिलरेटर सोडत-देत चालवलं तर पुष्कळदा सुटते.

नाहीच सुटली, तर इंजिन काढू. पण मग प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, बुश आणि मागचं ऑइल सील एकदमच बदल. पाच लाखांवर गाड्या बनल्या, सुटे भाग मिळतात. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक भेगा असतील तर तो घासून घे. प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू वाचून बसव. स्प्लाइनला ग्रीस नखभरच लाव. जास्तीचं उडून प्लेटवर जातं.