बुरशीचे धान धुऊन चालेल का?

प्रश्न : कापणीनंतर पाऊस आला, पुंजणे आतून तापले. काही धानावर हिरवट बुरशी आहे. धुऊन खाल्ले तर? (एक शेतकरी, आरमोरी)

उत्तर : नको. बुरशी धुतली जाते; तिने सोडलेले अफ्लाटॉक्सिन हे विष शिजवूनही जात नाही, यकृतावर बसते. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी गावांत बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. ते धान कोंबड्यांनाही घालू नका. उरलेले चांगले धान ताडपत्रीवर पातळ पसरून सुकवा. मग कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान आणि दोन चमचे कोरडे मीठ हलवून पाहा. मीठ काचेला चिकटले, तर ओल १५ टक्क्यांवर. अजून दोन उन्हे द्या. धान साठवायची ढोली नुकतीच सारवलीय? तीही वाळू द्या. सुकवलेले धान ओल्या ढोलीत ओतणारे पुष्कळ पाहिलेत!