उंबराचे फूल

फार दिवसांनी भेटणाऱ्या स्नेह्याला आपण म्हणतो, ‘तुम्ही तर अगदी उंबराचे फूल झालात!’ हिंदी भाषक याच अर्थाने ‘गूलर का फूल’ म्हणतात आणि बंगाली भाषक ‘डुमुरेर फूल’. या वृक्षाच्या सावलीत पिढ्यान्‌पिढ्या माणसे बसली, त्याला औदुंबर म्हणून पूजले, पण त्याचे फूल काही कोणाच्या दृष्टीस पडले नाही. वास्तविक ते आपल्या डोळ्यांसमोरच असते. ज्याला आपण कच्चे उंबर म्हणतो, तो आतून पोकळ असलेला फुलोरा होय. एखादे हिरवे उंबर मधोमध कापून पाहा. आतल्या भिंतीला चिकटलेली असंख्य सूक्ष्म फुले तुम्हांला दिसतील.

फूल आहे म्हणजे फलन आले. पुंबीज आणि स्त्रीबीज यांचे मीलन होऊन एक नवी पेशी निर्माण होणे, याला फलन म्हणतात. या पेशीला युग्मनज असे नाव आहे. वनस्पती असो वा प्राणी, मूळ क्रिया हीच. फरक आहे तो दोन बीजांची भेट कशी घडते यात. बेडकाची मादी पाण्यात अंडी सोडते आणि नर त्यांवर शुक्राणू सोडतो. तेथे फलन शरीराबाहेर होते. झाडाला मात्र जागचे हलता येत नाही. त्याचे परागकण वाऱ्याने, पाण्याने किंवा कीटकांनी वाहून न्यावे लागतात. आणि उंबराने तर आपली फुले जणू बंद डबीत ठेवलेली!

या डबीच्या तोंडाशी एक अगदी अरुंद वाट असते. सुमारे २ मिलिमीटर लांबीची एक गांधीलवर्गीय मादी त्या वाटेने आत शिरते. हीच ती उंबरातली केंबरे, जी पाहून आपण फळ फेकून देतो. आत शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात; परतीचा प्रवास तिला नाहीच. जन्मस्थानाहून आणलेले परागकण ती फुलांच्या कुक्षीवर ठेवते. ज्या फुलांचा कुक्षीवृंत आखूड असतो, त्यांच्या अंडाशयात ती अंडी घालते आणि तेथेच मरते.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. परागकण कुक्षीवर पडणे म्हणजे परागण. ते फलन नव्हे. कुक्षीवर परागकण रुजतो, त्यातून एक परागनलिका निघते आणि ती कुक्षीवृंतातून बीजांडापर्यंत पोहोचते. तिच्यातून दोन पुंबीजे येतात. एकाचे स्त्रीबीजाशी मीलन होऊन पुढे भ्रूण तयार होतो. दुसरे मधल्या दोन केंद्रकांशी एकरूप होते आणि त्यातून भ्रूणाचा शिधा, म्हणजे भ्रूणपोष, निर्माण होतो. सपुष्प वनस्पतींमधील हे द्विफलन रशियन शास्त्रज्ञ नवाशिन यांनी १८९८ मध्ये प्रथम दाखवून दिले. ज्वारीच्या दाण्यातले पीठ हा असाच भ्रूणपोष आहे. आपली भाकरी या दुसऱ्या मीलनातून येते म्हणावयाची!

इकडे उंबरात काही फुलांत बिया वाढतात, काहींत कीटकांची पिले. प्रथम बाहेर पडतात ते बिनपंखी नर. माद्या अजून आपापल्या फुलात बंदिस्त असतानाच नर त्या फुलाला छिद्र पाडून त्यांच्याशी समागम करतात. मादी ते शुक्राणू आपल्या शरीरात साठवून ठेवते. पुढे अंडे घालताना ज्या अंड्याचे फलन होते, त्यातून मादी जन्मते. ज्याचे होत नाही, त्यातून नर. म्हणजे या नराला माता असते, पिता नसतो. फलनाशिवाय जीव नाही, असे सरसकट म्हणता येत नाही ते यामुळे.

नर बाहेर जाण्याची वाट कोरतात आणि मरतात. त्याच सुमारास त्या उंबरातील नरफुले पक्व होतात. मादीफुलांचा काळ केव्हाच सरलेला असल्याने हा पराग घरच्या उपयोगाचा नसतो. माद्या तो अंगावरील इवल्या खोबणींत भरून उडतात. त्यांचे आयुष्य एखाद-दुसऱ्या दिवसाचे. तेवढ्यात दुसरे, योग्य अवस्थेतले उंबर त्यांना गंधावरून शोधावे लागते. परिसरातील सर्व वृक्ष एकाच वेळी बहरत नाहीत, म्हणून ते सापडते. रस्ता रुंद करताना दहांतले आठ उंबर तोडले, तर उरलेले दोन जगतील खरे. पण या मादीने त्या दिवशी जावे कोठे? आणि ती आली नाही, तर कोवळी उंबरे बी न धरताच गळून पडतात.

माद्या उडून गेल्यावर मागे राहिलेले उंबर मऊ पडते, लाल होते. मग तांबट येतात, वटवाघळे येतात. त्यांच्या विष्ठेतून पडलेले बी जुन्या भिंतीच्या फटीत रुजते आणि एका पावसाळ्यात तेथे चार पानांचे रोपटे दिसू लागते.