डाळ शिजली म्हणजे पाणी चांगलं?

आमच्या विंगमध्ये पाण्यावरून रोज एक तरी वाद होतोच. हीटरच्या कॉईलवर पांढरा थर, बादलीला पांढरा थर, साबणाला फेस नाही, आणि केस गळतात तेही म्हणे ह्याच पाण्याने! मेसमध्ये डाळ कच्ची राहिली तर मेसवाले काका सरळ टाकीकडे बोट दाखवतात. थोडक्यात, आमच्या हॉस्टेलचं पाणी वाईट, ह्यावर सगळ्या ब्रँचचं एकमत आहे.

मागच्या दिवाळीनंतर मी गावाहून येताना दोन बाटल्या पाणी घेऊन आलो. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला आमचं गाव. रूम पार्टनरने त्याचं पेनासारखं टीडीएस मीटर आधी हॉस्टेलच्या पाण्यात बुडवलं. ८२० आलं. मग माझ्या बाटलीत बुडवलं. ४१०! "यार, तुमच्या गावचं पाणी म्हणजे बिसलेरी आहे," तो म्हणाला. मलाही जरा अभिमान वाटला. एक बाटली आम्ही दोघांनी पिऊन संपवली. दुसरी तशीच राहिली, म्हणून हा लेख लिहिता आला.

प्रॅक्टिकलमध्ये काय झालं

पर्यावरण अभियांत्रिकीच्या प्रॅक्टिकलला सरांनी आपापले नमुने आणायला सांगितले होते. फ्लोराइड मोजायचं होतं. ह्या पद्धतीत झिर्कोनियम आणि स्पॅडन्स नावाच्या रंगद्रव्याचं लाल द्रावण वापरतात. पाण्यात फ्लोराइड असेल तर ते झिर्कोनियमला आपल्याकडे ओढून घेतं आणि रंग फिका पडतो. किती फिका पडला ते स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ५७० नॅनोमीटरला वाचायचं. ही पद्धत साधारण १.४ मिलीग्रॅम प्रति लिटरपर्यंतच चालते.

हॉस्टेलचं पाणी आलं ०.४. माझ्या गावचा नमुना आलेखाच्या बाहेर गेला. मला वाटलं, नेहमीप्रमाणे माझंच काहीतरी चुकलं. सर म्हणाले, "डायल्यूट करून परत कर." चौपट पातळ करून केलं. हिशोब करून आकडा आला ३.४. तिसऱ्यांदा केलं तरी तेच.

भारतीय मानक आय.एस. १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड १ मिलीग्रॅम प्रति लिटरपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं. जागतिक आरोग्य संघटनेचाही आकडा १.५ च आहे. आमचं 'बिसलेरी' त्याच्या दुपटीहून जास्त होतं. टीडीएस मीटरला ते कळणं शक्यच नव्हतं, कारण ते पाण्यातले सगळे क्षार मिळून किती एवढंच अंदाजाने सांगतं. चारशेमध्ये तीन मिलीग्रॅम कुठल्या क्षाराचे, हे त्याला दिसत नाही.

एका घरात दोन प्रकारचे दात

तो आकडा वहीत लिहिताना मला पहिल्यांदा आठवली ती माझी धाकटी बहीण.

मी तिसरीत असेपर्यंत आम्ही गावातल्या जुन्या विहिरीचं पाणी प्यायचो. ते जड पाणी, पुस्तकात ज्याला कठीण पाणी म्हणतात ते. डाळ शिजायला दोन तास लागायचे आणि उन्हाळ्यात विहीर आटायची. मग आमच्या गल्लीत बोरिंग झालं, हापशी बसली. बारमाही पाणी, थंड, चवीला गोड, डाळ लगेच मऊ. बायांनी हापशीला हळदकुंकू वाहिलं होतं. त्याच वर्षी छोटी जन्मली.

माझे दात पांढरे आहेत. छोटीच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत. ती हसताना तोंडावर हात ठेवते. शाळेत पोरी चिडवतात. माय तिला राखुंडीने दात घासायला लावायची, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत. आणि मी, शिकलेला मोठा भाऊ, सुट्टीत घरी गेलो की म्हणायचो, "आळशी आहेस, घासत नाहीस नीट." हे डाग घासून जाणारे नव्हतेच. ते दात हिरडीतून वर येण्याआधीच तयार झाले होते.

दाताचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, साधारण आठव्या वर्षापर्यंत तयार होत असतं. त्या काळात पोटात जास्त फ्लोराइड गेलं तर कवच नीट घट्ट होत नाही. आधी खडूसारखे पांढरे ठिपके दिसतात, पुढे तपकिरी पट्टे. मोठ्या माणसाच्या तयार दातांवर असा परिणाम होत नाही. म्हणून मी सुटलो आणि ती सापडली.

दगडातून पाण्यात

कुठल्याही कारखान्याने आमच्या बोरिंगमध्ये विष सोडलेलं नाही. आमच्या भागात कारखाना आहेच कुठे? हे फ्लोराइड जमिनीतलंच आहे. फ्लोराइट, अपटाइट, काळा अभ्रक अशा खनिजांत ते असतं. महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसॉल्टचा, पण पूर्वेकडे ग्रॅनाइट, नाइस, वालुकाश्म, चुनखडक असे वेगळे खडक लागतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड ह्या जिल्ह्यांतल्या काही भागांत फ्लोराइडचा त्रास आहे. पाणी खडकात जितकं खोल आणि जितकी वर्षं मुरतं, तितकं त्याला खनिजातून फ्लोराइड उचलायला सापडतं. म्हणून उथळ विहिरीपेक्षा खोल बोरिंगला धोका बहुधा जास्त.

आता बारावीचं केमिस्ट्री आठवा. कॅल्शियम आणि फ्लोराइड एकत्र आले की कॅल्शियम फ्लोराइड तयार होतं आणि ते पाण्यात फारसं विरघळत नाही. सोल्युबिलिटी प्रॉडक्टच्या हिशोबात फ्लोराइडचा वर्ग येतो. पाण्यात कॅल्शियम ४० मिलीग्रॅम असेल तर फ्लोराइड साधारण साडेतीनपर्यंतच जाऊ शकतं. कॅल्शियम १० वर आलं तर तीच मर्यादा सातवर जाते. म्हणजे कॅल्शियम चौपट कमी, फ्लोराइडला जागा दुप्पट. खोल पाण्यात पुष्कळदा असंच होतं. मातीतली खनिजं पाण्यातलं कॅल्शियम घेतात आणि सोडियम सोडतात. पाणी मऊ होतं, साबणाला फेस येतो, डाळ शिजते आणि फ्लोराइडला मोकळं रान मिळतं.

मित्रांनो, ह्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा. डाळ शिजण्यावरून आपण जे पाणी चांगलं ठरवतो, तेच पाणी ह्या बाबतीत जास्त वाईट असू शकतं. आणि कॉईलवर थर देणारं आपलं बदनाम हॉस्टेलचं पाणी ह्या परीक्षेत पास झालं! अर्थात प्रत्येक मऊ पाण्यात फ्लोराइड असतंच असंही नाही. मोजल्याशिवाय कळत नाही, एवढंच.

ओकलीच्या आया

हे कोडं जगालाही उशिरा सुटलं. अमेरिकेत फ्रेडरिक मॅके नावाचा दंतवैद्य १९०१ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात आला. तिथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग पाहून तो त्याच्या मागेच लागला. १९२३ मध्ये तो आयडाहो राज्यातल्या ओकली गावी गेला. तिथल्या पालकांनी त्याला सांगितलं, की गावाने दूरच्या गरम झऱ्यावरून नळ आणला, तेव्हापासून पोरांचे दात डागाळू लागले. मॅकेने पाणी तपासलं, काहीच सापडलं नाही. तरी त्याने सल्ला दिला, हा झरा सोडा. गावाने दुसरा झरा धरला आणि काही वर्षांत लहान पोरांचे नवे दात स्वच्छ येऊ लागले. दोषी फ्लोराइड आहे हे १९३१ मध्ये चर्चिल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं. आपल्याकडे १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास प्रांतातल्या नेल्लोर भागात फ्लोराइडमुळे हाडं आखडलेल्या रुग्णांची नोंद झाली.

हो, त्रास दातांवर थांबत नाही. वर्षानुवर्षं ३ ते ६ मिलीग्रॅमचं पाणी पोटात गेलं तर हाडांवर परिणाम होऊ लागतो. मान, कंबर, गुडघे आखडतात. १० च्या वर तर माणूस पार वाकून जाऊ शकतो. आहारात कॅल्शियम कमी असेल तर त्रास आणखी वाढतो, म्हणजे गरिबाला दुप्पट मार. आणि एकदा बिघडलेलं हाड पूर्ववत करणारं औषध नाही. आमच्या आजीची मान आता वळत नाही. ते वयामुळे की पाण्यामुळे हे एक्स-रे बघून डॉक्टरच सांगतील, मी सांगू शकत नाही. पण ती त्याच हापशीचं पाणी बारा वर्षं प्याली आहे.

उपाय आणि अडचणी

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण वाढतं. कँडलचा फिल्टर, यू.व्ही., क्लोरीन ह्यांचाही उपयोग नाही, ते जंतूंसाठी. तुरटी नुसती फिरवून भागत नाही. नागपूरच्या नीरी संस्थेने 'नलगोंडा पद्धत' विकसित केली. तिच्यात तुरटी आणि चुना मोजून घालतात, ढवळतात, गाळ बसू देतात आणि वरचं पाणी घेतात. स्वस्त आहे, पण रोजचं माप चुकता कामा नये आणि गाळाची विल्हेवाट लागली पाहिजे. ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना फ्लोराइड धरून ठेवतं, पण काही काळाने त्याला कॉस्टिक आणि ॲसिडने धुऊन पुन्हा तयार करावं लागतं. आर.ओ. चालतं, पण त्याला वीज लागते आणि बरंच पाणी वाया जातं. सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे ओकलीचाच, स्रोत बदलणे. पावसाचं पाणी साठवणं त्यातच आलं.

प्रॅक्टिकलनंतर मी घरी फोन केला. आजीला पटेना. "अरे बापा, ज्या पाण्यात डाळ शिजते ते पाणी खराब कसं असन?" बाबांनी मात्र नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत दिला. तिथेही आकडा तीनच्या वर आला. मग हापशीला लाल रंग दिला गेला. बांगलादेशात लाखो लोकांना आर्सेनिकचं पाणी मिळत होतं, तेव्हा तिथेही नळकूप असेच लाल आणि हिरवे रंगवले होते. ते नळकूपही १९७० च्या दशकापासून जुलाबापासून वाचवण्यासाठीच मोठ्या प्रमाणावर खोदले होते.

जुन्या विहिरीचं पाणी मी तपासलं, ०.८ आलं. आता माय पिण्याला आणि स्वयंपाकाला तेच आणते. हापशीचं पाणी धुण्याभांड्याला. डाळ पुन्हा दोन तास घेते. पण एप्रिलमध्ये विहीर आटली तेव्हा बाया परत लाल हापशीवर गेल्या, मायसुद्धा. "तहान लागली तर रंग पाहू का?" ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गच्चीचं पावसाचं पाणी साठवायच्या टाकीचा हिशोब सध्या करतो आहे. पाच माणसं, पिण्या-स्वयंपाकाला रोज ५० लिटर, उन्हाळ्याचे ९० दिवस, म्हणजे साडेचार हजार लिटर. स्थापत्यच्या पोराला हे जमायला हरकत नाही.

सुट्टीत घरी जाल तेव्हा

एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली न्या, काचेची नको. घरी ज्या बोरिंगचं पाणी पितात त्यानेच ती दोन-तीनदा विसळून भरा, वर गाव, खोली आणि तारीख लिहा. सरांनी प्रयोगशाळा शनिवारी उघडी ठेवायचं कबूल केलं आहे. आपला आकडा म्हणजे पक्का दाखला नाही. जास्त आला तर जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत परत तपासून घ्या. आणि घरी लहान भावंडं असतील तर त्यांचे दात एकदा नीट बघा.

मी छोटीला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "दादा, आता राखुंडी नको ना?" नको म्हटलं. ती हसली, पण हात तोंडावर ठेवूनच.

(तृतीय वर्ष, स्थापत्य)